सरांच्या नळीतली ओल

आमची वहिनी भांडकुदळ आहे असं आईचं ठाम मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. शेजारी, टॅक्सीवाला, माझा भाऊ, समोर कोणीही असो, वहिनी दंड थोपटून तयार. मला ती त्यामुळेच आवडायची. माझ्यात तेवढी धमक नाही.

काय काम करतेस विचारलं की ती एका शब्दात सांगायची, "शिथिलन." लेसरचा एक झटका दिला की वायूचे रेणू थरथरू लागतात. मग एकमेकांवर आदळत, मिळालेली ऊर्जा घालवत शांत होतात. त्याला किती वेळ लागतो, ते ती मोजायची. आईने यातलं 'शांत होतात' एवढंच उचललं. पाहुण्यांना सांगायची, "सूनबाई आरामावर संशोधन करते. घरात मात्र कुणाला आराम पडू देत नाही."

तिची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. काळा पडदा, दारावर लाल दिवा, खिळ्याला अडकवलेले हिरवे चष्मे, सतत घरघरणारा पंप आणि टेबलावर हातभर लांब काचेची नळी. त्या नळीचे लाड विचारू नका. वायू भरण्याआधी वहिनी तिला तापणारी पट्टी गुंडाळून कित्येक दिवस शेकत ठेवायची. काचेला चिकटलेली पाण्याची वाफ वायूत मिसळली की सगळी मेहनत पाण्यात.

"जराशी वाफ शिरली तरी रेणू फार लवकर गार पडतात," ती म्हणायची. "भांडणात एखादा समजूतदार काका घुसतो ना, तसं."

तिचा कोरडा वायू शांत व्हायला सरांच्या आकड्याच्या दुप्पट वेळ घेत होता. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. त्यांचा आकडा देशोदेशीच्या तक्त्यांत छापलेला आणि त्यांची सगळी इभ्रत त्याच्यावर उभी.

"तुझं यंत्र मंद आहे," सर म्हणाले.

तिने यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. मग तिने मुद्दाम नळी न शेकता, सर पूर्वी करायचे तसाच, वायू भरला. सरांचा आकडा तंतोतंत आला. सर शेजारीच उभे होते. यंत्राच्या पडद्यावरची रेघ त्यांनी नीट पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"उद्याच्या परिषदेतल्या तुझ्या भाषणात हे नको."

"पण सर, तुमच्या नळीत ओल होती."

"माझ्या सहीशिवाय तुला पदवी नाही. ही खोलीही नाही. समजलं?"

"समजलं. सही तुमच्या हातात आहे, सर. वायू नाही."

घरी हे ऐकून भाऊ म्हणाला, "एवढं कशाला ताणतेस? आधी पदवी पदरात पाडून घे, मग बोल की." मला त्याची चीड आली. वर्षानुवर्षं राबलेली बायको, आणि हा तिला तोंड मिटायला सांगतो! सकाळी आई कपडे बदलून दारात उभी. "मी पण येते. बघू तरी काय करते ही."

सभागृहात आई आणि मी, दोघी मागच्या रांगेत बसलो. वहिनीने दोन रेघा दाखवल्या, एक कोरड्या वायूची, एक ओलसर. पुढून कुणीतरी विचारलं, "ही ओलसर रेघ तर जुन्या आकड्याशी जुळते. तो आकडा कुणाचा?"

सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचा. पहिल्या रांगेत सर हाताची घडी घालून बसले होते. वहिनीने नजर हलवली नाही.

"आमच्या सरांचा. तो चुकीचा आहे."

सर उठले आणि बाजूच्या दाराने निघून गेले. पदवी गेली, खोली गेली, हे त्या सभागृहात सगळ्यांना कळलं. सगळे आपापल्या कागदांत बघत बसले. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण माझंही धाडस होईना.

आई खुर्ची करकरवत उभी राहिली.

"ती बरोबर बोलली ना?" तिने भर सभेत विचारलं. "मग तुम्ही सगळे शिकलेले लोक गप्प का?"