रुंदावलेली फट

निघोज्याला लाकडी खोक्यांच्या कारखान्यात मी दुपारी टेम्पो भरायला जायचो. तिथला लातूरकडचा सुतार करवतीच्या टेबलावर पात्याभोवतीची पट्टी बदलत असायचा. नवी, बिनफटीची लाकडी पट्टी घट्ट बसवून तो फिरतं पातं खालून हळूहळू वर आणायचा. पातं आपल्यापुरती फट आपणच कापून घ्यायचं.

“फट रुंदावली की बारके तुकडे आत पडतेत, भाऊ,” तो म्हणाला. “पर मोबाइल मस्त बसतोय.”

टाकाऊ पट्टीच्या फटीत मोबाइल उभा करून तो त्याच्यासमोर डबा खायचा. गावाकडच्यांना बघत जेवतो, असं मला वाटायचं. एकदा पाणी प्यायला त्याच्या मागून गेलो. स्क्रीन बंद होती. काळ्या काचेत तोच स्वतःच्या समोर बसून जेवत होता.