पडद्यातल्या बाई

जगात निघालेलं एकही नवं यंत्र असं नसेल, की जे आमच्या ईनबाईंच्या दारात आलं आणि हळदकुंकू लावून न घेता आत गेलं. ईनबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. मी पांढुर्ण्याची, त्या सौंसरच्या. रामाकोन्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी उभी हयात मराठी वर्ग शिकवला. मी दुसरीपर्यंतच शाळेत गेलेली, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकले, त्यामुळे मास्तरीण म्हटलं की मी आधीच अर्धी होते. त्यात ही अशी मास्तरीण. मिक्सर आला, त्याची ओटी भरली. फोन आला, त्याचीही भरली. शाळेत धडे दाखवणारा भिंतीएवढा पडदा आला, तेव्हा तर खण, नारळ आणि बागेतली पाच संत्री पुढे ठेवून त्या हात जोडून उभ्या राहिल्या, आणि पडदा बसवायला आलेला माणूस स्क्रू धरून ताटकळला. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र म्हणजे नवी सून. सव्वा महिना तिला एक वाकडा शब्द बोलायचा नाही. माझ्या लेकीलाही हा नियम लागला होता की नाही, ते मी गुपचूप विचारून घेतलं. लागला होता.

फोनमधली रस्ता सांगणारी बाई ‘डावीकडे वळा’ म्हणाली की या ‘हो जी’ म्हणतात. एकदा तिगावला लग्नाला निघालो, तर त्या बाईनं आमची गाडी थेट कुणाच्या कपाशीत नेऊन उभी केली. ड्रायव्हर चिडला, मी चिडले. ईनबाई शांतपणे म्हणाल्या, “असंल तिचं काही काम इथं.” लग्न हुकलं, पण त्या शेतकऱ्याच्या घरचा चहा मिळाला, आणि परतताना त्यांनी फोनला रागावू दिलं नाही ते नाहीच.

अशा बाईला मी घाबरलेलं एकदाच पाहिलं. त्यांच्या निवृत्तीला काही महिने राहिले होते आणि मराठी वर्गाला दुसरं कोणी मिळत नव्हतं. वरून निरोप आला, माणूस येईल तेव्हा येईल, तोवर पडद्यावर धडे आहेतच. होते, पण आमचं राज्य हिंदीचं, त्यामुळे सगळे हिंदीत. शेजारच्या हिंदी वर्गाचं त्यावर छान चाललं होतं. यांची पहिलीची लेकरं मात्र घरी ‘मले’ नि ‘तुले’ बोलणारी, ती पडद्याकडे नुसती टकमक पाहायची. मग हा वर्ग त्या वर्गात मिसळून टाकावा, अशी बोलणी सुरू झाली. “एकदा वर्ग गेला का वापस येत नाही, ईनबाई,” एवढंच त्या मला म्हणाल्या. आम्ही दोघी एकमेकींना ईनबाईच म्हणतो.

तो पूर्ण उन्हाळा आम्ही त्यांच्या संत्र्याच्या बागेत काढला. झाडाला फळा टेकवलेला, फोन धरायला मी, आणि समोर विद्यार्थी म्हणूनही मीच. या वयात मी हातच्याची वजाबाकी शिकले हो! त्या विचारायच्या, बारातून सात गेले, किती राहिले, आणि मी एका हातानं फोन सांभाळत दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजत बसायची. त्या थांबायच्या. कितीही वेळ लागो, थांबायच्या. मधेच डोळे मोठे करून म्हणायच्या, “कोण बाहेर पाहून राहिलं? मले सगळं दिसते.” बाहेर पाहणारं एखादं लेकरू कोणत्याही वर्गात असतंच, हे त्यांना ठाऊक. पुढे शाळेत म्हणे या एका वाक्यानं अख्खा वर्ग सरळ बसायचा.

जावई नागपूरहून आले, सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि म्हणाले, “आई, मधे मधे कोणीच बोलून नाही राहिलं. एवढं रिकामं कापून टाकू?”

“कापू नको, बाबू. तिथं लेकरू विचार करून राहिलं.”

जावयांनी ते तसंच ठेवलं. दुसरी भानगड त्यांनी फक्त माझ्या कानात सांगितली: माझ्या हातून फळा आला होता, बाईंचा हात आला होता, आवाज आला होता, डोकं मात्र प्रत्येक धड्यात कापलं गेलं होतं. शाळा उघडायला चार दिवस होते. तसेच धडे गेले.

वर्ग टिकला. निवृत्त झाल्यावर वर्षभरानं, या हिवाळ्यात, ईनबाई मला तो दाखवायला घेऊन गेल्या. हिंदीवाले गुरुजी पडदा लावून देऊन शेजारी गेले होते. पहिलीची लेकरं नवी, त्यांनी बाईंना कधी पाहिलेलं नाही. आम्ही दारात उभ्या, आणि आत तोच आवाज, तोच हात. मी तोंडात बोट घालून पाहतच राहिले. ईनबाई हौसेनं काही बोलायला गेल्या, तर पुढची एक चिमुरडी ओठावर बोट ठेवून म्हणाली, “आजी, चूप बसा. बाई शिकवून राहिल्या.”

मला हसू आलं आणि मी त्यांच्याकडे पाहिलं, तर हसण्यासारखं काही नव्हतं. त्या मुकाट्यानं सतरंजीवर मागे, पोरांच्या रांगेत बसल्या. घंटा होईपर्यंत उठल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. सौंसर जवळ आलं तेव्हा हळूच म्हणाल्या, “उद्या पुन्हा येऊ, ईनबाई. उद्या हातच्याची वजाबाकी आहे. पाहू, त्या बाईले जमते का.”