तड्यावरची काच

आमच्या इमारतीचा जिना बघायला आलेली माणसं मान वर करून उभी राहतात आणि जाताना मान चोळत जातात. शंभरी ओलांडलेला जिना. दगडी पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसरं अधांतरी. खाली खांब म्हणून नाही. प्रत्येक पायरी खालचीवर भार टाकून निवांत. कठड्याला लोखंडी वेली आणि वळणावर रंगीत काचांची उंच खिडकी.

हा जिना ज्याच्या जिवावर उभा, तो आमचा गवंडी. जिन्याच्या पोटातल्या खोलीत बायकोसह राहायचा. बोलणं मोजकं, पण भिंतीवर टिचकी मारून ती भरीव की पोकळ ते सांगायचा, वैद्यानं नाडी बघावी तसं.

तिसऱ्या मजल्याजवळ भिंतीला तडा गेला, तेव्हा त्यानं तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवली आणि शेजारी तारीख लिहिली. तडा वाढला की काच फुटणार. वर्षभर टिकली तर जिना वाचला, नाहीतर तो पाडून सिमेंटचा सरळसोट जिना, असं इंजिनिअरनं ठरवलं होतं. त्याबरोबर गवंड्याची खोलीही जाणार होती.

वर्ष भरलं. इंजिनिअर यायच्या सकाळी पाहतो तर काच दुभंगलेली.

गवंड्याची बायको हळूच म्हणाली, “अहो, दुसरी लावा की. तारीख तीच घाला. कोणाला कळतंय?”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू?

गवंडी म्हणाला, “उद्या कपडे वाळत घालायला तू ह्याच जिन्यानं गच्चीवर जाणार. मला कळेल ना.”

इंजिनिअर आला तसं गवंड्यानं स्वतःच काचेकडे बोट दाखवलं. साहेबानं भिंग लावलं, दोन तुकड्यांमध्ये कागद सारून पाहिला. जाईना. तडा वाढला असता तर तुकडे एकमेकांपासून सुटले असते. हे तर बिलगून बसलेले, आणि मधोमध टोल्याची बारीक चांदणी उमटलेली.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढे झाल्या. साहेब येणार म्हणून भल्या सकाळी त्यांनी जिना लख्ख केला होता, आणि जळमटं काढताना झाडूचा दांडा काचेवर बसला होता.

“जिना चांगला दिसावा म्हणून गेले,” त्या म्हणाल्या, “आणि हे दिवे लावले.”

साहेबानं भिंग खिशात घातलं. भिंत जागची हललेली नाही, जिना राहील. पण नवी काच बसवा आणि लक्ष ठेवा, एवढं बोलून तो उतरला.

गवंडी तिथंच प्लास्टर कालवायला बसला. डोळे पुसणाऱ्या काकूंना वर न बघताच म्हणाला, “काकू, ह्या कोपऱ्यातला कोळी आता आपला भाडेकरू समजा.”