पणतीवाली

दिवाळीच्या सफाईतले अर्धे डबे घासून अंगणात उपडे पडले होते, अर्धे अजून राखेने बरबटलेले, तेवढ्यात सिंदी मेघेतल्या त्या घरासमोर ऑटो थांबला. दवाखान्यातून आणलेल्या, काळा चष्मा लावलेल्या अण्णाजींना उतरवून पुतण्या तसाच परतला. डबे घासणाऱ्या त्यांच्या बायकोचे, देवकाबाईंचे हात थबकले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन अण्णाजी टाळतच आले होते. तयार झाले ते जुन्या दिवाळी अंकांपायी. एसटीत कंडक्टर असताना गाडी मुक्कामी जाई त्या गावच्या रद्दीतून ते हाताने रंगवलेल्या मुखपृष्ठांचे अंक शोधून आणत. आतलं क्वचितच वाचत. चित्रं मात्र कडुनिंबाचा पाला घालून लोखंडी पेटीत जपलेली. शेजारच्या शकुंतलाबाई चिडवायच्या, "देवका, तुही सवत त्या पेटीत राह्यते वं!" पण अलीकडे अण्णाजींना त्या चित्रांतले सगळे रंग पिवळट दिसत.

"पेटी काढ वं. पाहू दे आता."

"आधी चहा घ्या."

"चहा पळून चालला काय?"

देवकाबाईंनी पदराला हात पुसले आणि सांगून टाकलं. ते दवाखान्यात असताना पेटी हलवली, तर गंजलेल्या तळातून वाळवी शिरलेली. अंकांचा भुगा. वरची काही चित्रं उरली, तीही कोपरे खाल्लेली. सगळ्या लक्ष्म्या नि सरस्वत्या! खंडित देव घरात ठेवू नये, रद्दीतही घालू नये. म्हणून हळदकुंकू वाहून पवनारला धाम नदीत सोडले. त्यांच्या डोळ्यांसाठी मागणंही मागितलं.

अण्णाजी बाजेवर बसले.

"पणतीवालीही?"

"हो. लक्ष्मीच ना ते."

"लक्ष्मी नव्हती. साधी बाई होती, उंबरठ्यावर पणती लावून राह्यली होती." मग खाली पाहत म्हणाले, "आपलं लगन जमलं तवाचा अंक. तुह्यासारखी दिसे मले."

देवकाबाईंना तिचा चेहरा आठवेना. इतकी वर्षं त्यांनी ते चित्र धूळ झटकण्यापुरतंच पाहिलं होतं. आणि पाण्यात सोडताना तर हात जोडून डोळे मिटलेले.

"काऊन नाई सांगितलं कधी?"

"त्यात काय सांगाचं?"

चष्म्याखालून ओघळ आला.

"रडू नका. डोळा बिघडंल."

"रडून नाई राह्यलो. औषध आणाचं आहे, चिठ्ठी खिशात आहे."

डबे तसेच टाकून, चिठ्ठी मुठीत धरून देवकाबाई मेडिकलमधून डोळ्यांत घालायचे थेंब आणायला निघाल्या.