हेड गॅस्केट आणि बाबांची किल्ली

माझा स्वभाव तापट आहे, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. फोपनारला आमची केळीची बाग आहे आणि ती मी बघते. मजूर, मोटार, लाइट, ट्रकवाले, सगळ्यांशी दिवसभर भांडून गोड बोलायची सवयच राहिली नाही, असं मी म्हणते. आईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, तू पाळण्यातही अशीच होतीस.

पण त्या रविवारी मी बाबांना जे बोलले, ते अजून विसरता येत नाही.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, घरातल्या घरात भिंत धरून चालते. दर रविवारी चार वाजायच्या आत बाबा दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, आईला हाताला धरून गाडीत पुढे बसवायचे आणि बुरहानपूरला न्यायचे. तिथे आई गाडीतून उतरायची नाही. बाबा उतरून मावा जिलेबी कागदावर घेऊन यायचे आणि दोघं काचा खाली करून, येणारी-जाणारी माणसं बघत ती खायची. बस, एवढंच. पण सोमवार उजाडला की आई पुढच्या रविवारपर्यंतचे दिवस मोजायला लागायची. पाकाचे हात पुसायला घरून एक ओला रुमाल न्यायची, तोही ठरलेला.

गाडी जुनी, पांढरी. याच गाडीतून आठ वर्षांपूर्वी बाबांनी मला सासरहून कायमचं घरी आणलं. खंडव्यापासून घरापर्यंत मी त्यांना बोल लावत आले. स्थळ तुम्ही आणलं, चौकशी तुम्ही केली नाही, माझ्या आयुष्याचं वाटोळं तुम्ही केलं. बाबा समोर रस्त्याकडे बघत दर वेळी एकच म्हणायचे, "हो बेटा, माझंच चुकलं." खरं तर त्यांनी नको म्हटलं होतं. हट्ट माझा होता. त्याचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही कधी काढला नाही.

तर तो रविवार. भर उन्हाळ्याचे दिवस. बाबांचा फोन आला, "गाडी गरम झाली बेटा. काटा वर गेला तसा मी थांबलो." मी स्कूटी काढून धावले. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली गाडी उभी, आत आई पदराने वारा घेत बसलेली, चेहरा लालबुंद. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, असं बाबा म्हणाले. इंजिन निवल्यावर मी ऑइलची पट्टी ओढून बघितली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. शेतावर डिझेल इंजिन होतं तेव्हापासून मला एवढं कळतं. म्हटलं, झालं, हेड गॅस्केट उडालं.

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड, यांच्यामध्ये एक पातळ, भोकांची पट्टी असते, ते गॅस्केट. आतली आग, पाणी आणि ऑइल तिघांना आपापल्या जागी ठेवायचं त्याचं काम. ते गेलं की पाणी ऑइलमध्ये आणि धुरामध्ये, सगळा काला. आणि ते जायचं नेहमीचं कारण म्हणजे तापलेली गाडी तशीच दामटणं.

मी तिथेच, रस्त्यावर, सुरू झाले. "काट्याकडे लक्ष नको? गप्पा मारत चालवत राहिलात आणि इंजिन जाळलंत! उद्या आईला घेऊन कुठं धडकलात म्हणजे? पुरे झालं आता. किल्ली द्या इकडं."

"काटा वर गेला तसा मी थांबलो," बाबा पुन्हा म्हणाले.

"खोटं बोलू नका, बाबा."

असं म्हणाले मी. बापाला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

ट्रॅक्टरला बांधून गाडी बुरहानपूरच्या मिस्त्रीकडे पोचवली. हा मिस्त्री म्हातारा, हाताखाली कोणी नाही, सगळं स्वतः करायचं, म्हणून त्याच्याकडे गाड्यांची रांग. आमचा नंबर यायला दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी चार वाजले तेव्हा बाबा ओट्यावर बसून होते, गालावर पांढरी खुंटं. आई आतून म्हणाली, "आज ह्यांनी दाढी नाही केली." मला म्हणाली नाही, अशीच म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून मेथी निवडत बसले. दुसऱ्या रविवारीही बाबांनी दाढी केली नाही.

हेड उघडलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. काय जळलंय ते डोळ्यांनी बघायचं आणि घरी येऊन सांगायचं, बघा, असा माझा बेत. मिस्त्रीने एका पुठ्ठ्याला भोकं पाडून हेडचे बोल्ट क्रमाने खोचून ठेवले होते, ज्याचा तो त्याच जागी परत जावा म्हणून. हेड पुसून त्याने त्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवली, मग तिरपी ठेवली, आणि खाली वाकून उजेड दिसतो का ते बघितलं.

"हेड एकदम सीधा है," तो म्हणाला. "गरम गाडी भगाई होती तो टेढ़ा मिलता. जिसने भी चलाई, टाइम पे बंद की."

मी म्हटलं, "नीट बघा, चाचा."

त्याने मलाच वाकून बघायला लावलं. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. मग त्याने पाण्याच्या भोकांशी बोट नेलं. तिथलं ॲल्युमिनियम खाल्लेलं होतं, वाळवी लागल्यासारखं, आणि त्याच जागी गॅस्केट फुटलं होतं.

"इसमें किसी ने तेजाब डाला था क्या?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. ठिबकच्या नळ्यांना आतून पांढरा थर चढतो, थेंब पडायचे बंद होतात. मग पाण्यातून ॲसिड सोडायचं, थोडं थांबायचं, नळ्यांची तोंडं उघडून धुऊन काढायचं, की नळ्या मोकळ्या. केळीवाल्यांच्या घरात हे शेंबड्या पोरालाही येतं. हिवाळ्यात मी गाडीचं बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या तोंडाशी अगदी तसाच थर. म्हटलं, ठिबक मोकळं होतं तर हे का नाही होणार? डबा आणला, नरसाळं लावलं, ॲसिड ओतलं, गाडी चालू केली, मग धुऊन काढलं. वर आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मिस्त्रीची गरजच नाही. ठिबकची नळी प्लास्टिकची आणि इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, एवढा साधा विचार मला सुचला नाही.

"मैंने डाला था," मी म्हटलं. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि हेड लेथवाल्याकडे न्यायला फडक्यात गुंडाळलं.

घरी येताना बसमध्ये माझ्या मनात काय काय आलं, ते सांगायलाही लाज वाटते. मिस्त्री काही फोपनारला सांगायला येणार नव्हता. म्हटलं असतं, जुनी गाडी, गेलं गॅस्केट, तर कोणाला कळणार होतं? त्या दिवशी मी घरात काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

लेथवाल्याने वेल्डिंगने खड्डे भरले, हेड घासून सपाट केलं. नवं गॅस्केट बसवलं तेव्हा मी शेजारी उभी होते. मिस्त्री बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेर जात होता, आणि एकदम आवळत नव्हता. आधी सगळे थोडे, मग परत सगळे थोडे. "एक पे ज़ोर दिया कि दूसरा उठेगा," म्हणाला. मी कायम एकट्या बाबांवरच जोर देत आले, ते आठवलं आणि डोळे भरून आले. मिस्त्रीला वाटलं, पेट्रोलचा वास लागला.

शनिवारी गाडी घेऊन आले. रविवारी दुपारी ओट्यावर बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

"बाबा, दाढी करा."

"कशाला?"

"चार वाजत आले." आणि मग एका दमात बोलून टाकलं. "हेड वाकलं नव्हतं. तुम्ही लगेच थांबला होता. ठिबकचं ॲसिड मी ओतलं होतं रेडिएटरमध्ये. माझंच चुकलं, बाबा."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"नरसाळं गाडीपाशीच विसरली होतीस. मीच उचलून ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी पाणी कमी भरायचं, मी वरून टाकत होतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाही? मी तुम्हाला खोटं म्हटलं, भर रस्त्यात!"

"तू घाबरली होतीस बेटा. आईचा चेहरा बघून घाबरलीस. तुला कोणावर तरी ओरडायचं होतं." मग म्हणाले, "तेव्हा मी होतो ना."

मला खंडव्याचा रस्ता आठवला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि आठ वर्षांचं रडले. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "स्थळाचंही माझंच चुकलं होतं. तुम्ही नको म्हणाला होता."

या वेळी ते 'माझंच चुकलं' म्हणाले नाहीत. "हो," म्हणाले, "तुझंच चुकलं होतं. जाऊ दे आता." आणि हात पुढे केला. मी त्यावर किल्ली ठेवली.

ते दाढीचं सामान शोधायला आत गेले. मोरीतून पाण्याचा आवाज आला, तशी आतल्या खोलीतून आई ओरडली, "अगं, माझा रुमाल भिजव गं कोणीतरी!"