शंभरापर्यंत न गेलेली पट्टी

कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की "लॉग दाखवा", म्हणजे मशीनमधली नोंद दाखवा, म्हणणारा मी माणूस. लोणावळ्यात राहतो, सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो... आणि आज मीच सांगायला बसलोय, तेही मान खाली घालून.

कार्ल्याला माझी सुमनमावशी असते. तिचे यजमान, आमचे काका, वारले. ते भीमगीतं म्हणायचे. त्यांची सगळी रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कवर होती, दुसरीकडे कुठेच नाही. ती डिस्क गावच्या बुद्धविहारातल्या कॅमेऱ्यांसाठी हवी होती. म्हणून एका रविवारी दुपारी मी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली – गाणी नव्या डिस्कवर कॉपी करायची, मग जुनी पुसायची.

कॉपीला वेळ लागणार आणि मावशी सारखी "झालं का रं?" विचारणार, म्हणून स्क्रीनवर टक्के दाखवणारी पट्टी टाकली. खोटी! कॉपीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. अंदाजाने ठरवलेल्या वेळात ती आपली शंभरपर्यंत जाणार, आणि शंभर झाले की जुनी डिस्क पुसली जाणार. वर स्क्रीन छान दिसावी म्हणून एररही मीच लपवले होते. आमच्या धंद्यात असला आळस चालतो... चालतो म्हणजे, मी चालवतो.

मावशी खुर्ची ओढून पट्टीसमोर बसली. मी मोबाईलमध्ये.

"आरं, ते थांबलंय."

"थांबत नसतं गं ते."

"न्हाई सरकत. ह्यांचं गाणं अडकलं न्हाई ना कुटं?"

पट्टी ऐंशीच्या पुढे खरंच अडली होती. नुसते सेकंद मोजणारी कोडची ओळ ती – अडेल कशाला? मावशीला गप्प करायचं म्हणून मी वैतागून नवी डिस्क उघडून दाखवली.

रिकामी! कॉपी सुरुवातीलाच बंद पडली होती. स्क्रिप्ट थांबवली, केबल बदलली, पुन्हा कॉपी केली आणि एकेक गाणं वाजवून पाहिलं.

नंतर तीच पट्टी त्याच मशीनवर कितीतरी वेळा चालवली. दर वेळी बिनबोभाट शंभर. लॉगमध्ये काही नाही.

मावशी आता येईल त्याला सांगते, "आमच्या पोरानं पट्टीच अशी बनीवली, चुकलं की जागची हलत न्हाई. लय हुशार!" मग काकांचं गाणं लावते आणि मला चहा देते. तो चहा पिताना इतकी लाज वाटते... पण खरं सांगायचा धीर अजून झालेला नाही.

पट्टी का थांबली, मला माहीत नाही. मी मात्र थांबलो नसतो.