श्रद्धाचे आठशे मीटर

श्रद्धा पहिल्या दिवशी किती धावली ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण मी मोजलं होतं. एकशे दहा मीटर. मग कुशीत कळ आली म्हणून ती कालव्याच्या कडेला मटकन बसली आणि म्हणाली, "काका, माज्यानं नाय व्हायचं." बत्तिसाव्या वर्षी पोलीस भरतीचा फॉर्म भरलेली बाई. अंगात मेलेल्या नवऱ्याची ट्रॅकपँट, कंबरेला सेफ्टीपिन. शाळेतसुद्धा ती कधी धावली नव्हती. मी म्हणालो, "उद्या एकशे वीस धाव. रडायचं ते घरी जाऊन."

मी असाच बोलतो. तीस वर्षं मोजणीदाराची सरकारी नोकरी केली. कर्जत-खालापुरातल्या बहुतेक बांधांवर उभा राहून शिव्या खाल्ल्या, पण कुणाच्या बाजूनं वीतभरसुद्धा टेप ओढली नाही. याची मला घमेंड आहे. होती म्हणू.

श्रद्धा आमच्याच आळीतली. दोन वर्षांमागं तिचा नवरा संतोष काविळीनं गेला. घरात उरल्या तिघी: ती, सासू मैनावहिनी आणि चार वर्षांची आरोही. मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर झाडूपोछा करून दिवस निघत होते, पण पोरीला घेऊन जन्म काढायचा तर कायमची नोकरी हवी. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. अभ्यासात ती हुशार होती; अडत होतं ते धावणं. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत. निवड झाली असती तर ती ट्रेनिंगला गेली असती आणि आरोही खालापूरला आजोळी; तसं श्रद्धाच्या माहेरच्यांशी ठरलंच होतं.

दहिवलीच्या पुढं कालव्याच्या कडेनं एक सरळसोट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना नुसतं गवत. तिथल्या मोरीच्या छोट्या पुलापासून चारशे मीटर मी स्वतः टेपनं मोजले आणि तिथं चुना फासलेला दगड ठेवला. मोरीवरून निघायचं, दगडाला वळसा घालून परत यायचं, की झाले आठशे.

विधवा सून पहाटे पँट घालून धावते म्हटल्यावर आळीत कुजबुज सुरू झाली. ती मैनावहिनींनी बंद केली. "मी जाते तिच्या संगती. कुनाला काय बोलायचं ते माज्या तोंडावर बोला." रोज पहाटे त्या बॅटरी घेऊन दगडापाशी उभ्या राहायच्या. पहाटेच्या गारठ्यात माझे गुडघे धरायचे, म्हणून मी मोरीच्या कठड्यावर घड्याळ धरून बसायचो. अंधुक उजेडात श्रद्धा सासूच्या बॅटरीकडं धावत जायची आणि वळून माझ्याकडं यायची. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

तीन आठवड्यांत ती न थांबता पुरं अंतर धावू लागली. साडेपाच मिनिटं. मग चार चाळीस. दिवाळीनंतर चार. आणि मग तीन वीसवर येऊन जी अडकली ती अडकलीच. जानेवारी सरला तरी तेच. अंगठ्याचं नख गेलं, घोटे सुजले, तरी कधी तीन अठरा, कधी तीन बावीस. मी काय केलं? मी बोलत राहिलो. खाणं कमी पडतंय, झोप कमी पडतेय. एकदा तर म्हणालो, "घड्याळ काय खोटं बोलतंय का, श्रद्धा? तुझंच मन नाही त्यात."

मैदानी चाचणी अलिबागला होती. आदल्या पहाटे ती शेवटची धावली. तीन एकवीस. माझ्याशेजारी कठड्यावर बसून तिनं बराच वेळ बूट सोडले नाहीत. मग म्हणाली, "अलिबागपातूर जाऊन हसं कशाला करून घ्यायचं, काका?" जा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तुला पटेल तसं कर." ती गेली नाही.

महिन्याभरानं मी त्याच रस्त्यानं फिरायला गेलो. धंद्याची खोड, चालताना पावलं मोजतो. चारशे मीटरला माझी पाचशे चाळीस पावलं पडतात. दगडापाशी पोचलो तेव्हा सहाशे वीस झाली होती. आधी वाटलं, म्हातारपणी पाऊल आखूड झालं. घरी जाऊन टेप आणली आणि मोजलं. चारशे साठ मीटर.

बांध कोरणारा एका रात्रीत वावर खात नाही. पेरणीला चार बोटं, लावणीला चार बोटं, असा सरकतो. बघणाऱ्याची नजरही तशीच सरकत जाते. मैनावहिनींच्या दिरानं, धाकलूनं, त्यांचा बांध असाच बारा वर्षं कोरला होता. ती मोजणी मीच केली होती आणि वहिनी दिवसभर बांधावर बसून बघत होत्या.

मी गेलो तेव्हा त्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. घरात कुणी नव्हतं. म्हणालो, "वहिनी, दगड साठ मीटर पुढं गेलाय."

त्यांचे हात थांबले नाहीत. "तुमी बोलायचे ना, आज बरी धावली. की मी दुसऱ्या दिशी तीन-चार पावलं सरकवायची."

"कशासाठी?"

"आरोही गेली असती, भाऊ. पोराला पोचवून आले मी. आता नात पन गेली तर घरात हाक कुनाला मारू?" मग त्या रडायला लागल्या. "लाल तोंडानं धावत यायची आन् मला बघून हसायची. घरी येऊन मी रडायची. आन् परत सरकवायची."

मी मनात गणित केलं. नऊशे वीस मीटर तीन वीसमध्ये, म्हणजे आठशे मीटर ती दोन चौपन्नमध्ये धावत होती. महिनाभर रोज पहाटे ती पास होत होती आणि मी कठड्यावर बसून तिला नापास करत होतो.

"सांगनार तिला?" वहिनींनी विचारलं. मी चपला घालून निघालो. त्यांचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

श्रद्धा आता खोपोलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. परवा सकाळी नाक्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी होती. मला बघून जवळ आली. सांगायचं असं ठरवूनच मी बाहेर पडलो होतो.

"काका, मला माजं काय वाटत नाय," ती म्हणाली. "पन आई येवढ्या थंडीत माज्यासाठी उभी रायची. तिला वाईट वाटलं आसंल." मग तिनं विचारलं, "खरं सांगा. माज्यात नव्हतंच ना ते?"

तिचं भरतीचं वय उलटलं होतं. पोरीला सांभाळणारी तिच्या घरात एकच बाई होती.

"नव्हतं गं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "बरं झालं बोललात. उगाच रुखरुख लागली व्हती," म्हणाली, आणि गाडी आली तशी चढून कामावर गेली.